पाहुण्याला विचारायचं नसतं

तोशतेमिर-अका दुभाषी होते. म्हणजे उभ्या नोकरीत, एक दिवस सोडला तर बैठकीत, त्यांनी स्वतःचं असं एकही वाक्य उच्चारलं नाही. आमच्या कचेरीत हा मोठा गुण समजला जाई. बाकीच्यांना तो सरावाने कमवावा लागे. त्यांना तो पेशानेच मिळाला होता.

कचेरी तेरमेझला. इथे उझबेकिस्तान संपतो, पुढे नदी, नदीवर लोखंडी पूल आणि पुलाच्या त्या टोकाला अफगाणिस्तानातलं हैरतान. पलीकडच्यांशी जे काही बोलायचं ते आमच्यामार्फत बोललं जाई. विजेच्या तारा, रेल्वेचे डबे, गव्हाची पोती. मी टिपणं लिहायचो. बोलायचे ते तोशतेमिर-अका, आणि तेही दुसऱ्याचं.

नैऋत्येकडून आमच्याकडे धुळीचा वारा येतो, त्याला लोक अफगाणीच म्हणतात. तो सुटला की दोन घरांपलीकडचं दिसत नाही. त्याला व्हिसा लागत नाही. अशा वाऱ्यातही अका, सगळ्यांचे थोरले भाऊ, कोट घालून येत, दारातच बाह्या झटकत आणि मग घसा साफ करून दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं वाहून नेत. भर घालणं नाही, घट करणं नाही. एकदा एक साहेब बैठकीत चिडले आणि समोरच्या अफगाण अधिकाऱ्याला गाढव म्हणाले. मग भानावर येऊन पुटपुटले, "हे सांगू नका." अकांनी आधी गाढव सांगितलं आणि मग "हे सांगू नका" हेही सांगितलं.

त्या दिवशी अनर्थ टळला तो पलीकडच्या दुभाष्यामुळे. अकांचं दारी भाषेतलं वाक्य पलीकडच्या साहेबांच्या कानावर नीट पोचायच्या आत तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "त्यांना ऊन लागलंय, साहेब." त्याचं नाव सैफूर.

सैफूर आणि अका यांची ओळख जुनी. सोव्हिएत फौजा नदीपलीकडे होत्या तेव्हाची. अका तेव्हा नुकतेच मिसरूड फुटलेले, फौजेचे दुभाषी म्हणून रवाना झालेले. निघताना आईने त्यांच्याकडून रोटीचा एक घास तोडून घेतला आणि उरलेली रोटी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. आमच्याकडे लांब जाणाऱ्याची अशी रोटी ठेवतात. तिच्यावर त्याचा घास असतो, म्हणून त्याला ती संपवायला परत यावंच लागतं. फौजेच्या पुस्तकात या उपायाचा उल्लेख नाही, पण आयांचा त्यावर जास्त भरवसा.

हैरतानच्या गोदामावर सैफूर कारकून होता. अका विषमज्वराने पडले तेव्हा सैफूरने त्यांना घरी नेलं. त्याच्या आईने ताकातला भात भरवला, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. घरात माणसं चिक्कार, खोल्या दोन. पण अका पार बरे होईपर्यंत कुणी विचारलं नाही की बाबा, कोण तू, किती दिवस राहणार, आणि तुझी फौज आमच्या देशात काय करते. अका ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवटी म्हणायचे, "याला म्हणतात घर."

रीत दोन्ही काठांवर एकच आहे. पाहुण्याला तीन दिवस 'काय काम काढलंत' असं विचारायचं नाही. विचारलं तर त्याचा अर्थ, तू कामाशिवाय येणारा नव्हेस. आणि पाहुण्यानेही आपण होऊन मागायचं नाही. मिठाला जागायचं, मीठ खाऊन वर हात पसरायचा नाही.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात फौजा पुलावरून परत आल्या. बँड वाजला, रणगाड्यांवर फुलं पडली. अकांच्या आईने ती खापरासारखी झालेली रोटी चहात भिजवून त्यांना शेवटच्या तुकड्यापर्यंत खायला लावली. त्या टोकाला सैफूर उभा होता, त्याच्यासाठी बँड नव्हता. पुढे पूल कित्येक वर्षं बंद राहिला. मग दुसऱ्या परदेशी फौजा दुसऱ्या दिशेने आल्या, पूल उघडला, आणि आमच्या बैठकीच्या टेबलापलीकडे पांढऱ्या दाढीचा सैफूर येऊन बसला. आता तोही दुभाषी होता. वीस वर्षं दोघे समोरासमोर बसून अखंड बोलत राहिले, आणि त्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं. स्वतःचं बोलायला जेवणाची सुट्टी. तेवढ्यात ते गुडघ्यांबद्दल बोलत.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात परदेशी फौजा निघाल्या. रीतसर, सामानसुमान आवरून. घरमालक घर सोडतो तसं नाही, भाडेकरू सोडतो तसं. पलीकडे तालिबान एकेक तालुका घेत पुलाकडे सरकत होते. राजधानीतून निरोप आला, पर्याय सुचवा.

टिपण मी लिहिलं. पूल बंद करता येईल, पण मग आपलाच गहू आणि आपलीच रेल्वे अडते. उत्तरेच्या बड्या शेजाऱ्याच्या फौजी कवायतीत सामील होता येईल, पण तो एकदा आला की चहा पिऊन जाणाऱ्यातला नाही. जाणाऱ्या फौजांना आपल्याकडे विमानं उभी करू द्यावीत, तर येणारे कायमचे बिघडतात. येणाऱ्यांशी आत्ताच बोलणी लावावीत, तर जे अजून गेलेले नाहीत त्यांना आपण मेलं धरल्यासारखं होतं. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं. ऐबेक सोबिरोविच हे आमचे साहेब. राजधानीचे, तरुण, पोट सुटू न देणारे.

"यात आपला पर्याय कुठला?" ते म्हणाले. "हे सगळे दुसऱ्यांचे आहेत."

"आपल्याला दुसऱ्यांचेच मिळतात, साहेब."

"अका, तुम्ही चाळीस वर्षं बघताय. तुमचं काय मत?"

अकांनी चष्मा काढला. "कुठल्या भाषेत?" त्यांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

शेवटी धोरण ठरलं. सर्वांशी बोलत राहावं, कुणाला काही विचारू नये, कुणी विचारलं तर विचार करावा.

जुलै सरता सरता हैरतानहून एक शिष्टमंडळ आलं. विषय विजेचा दर. ज्या सरकारला महिनाभर टिकण्याची खात्री नव्हती ते पुढच्या तीन वर्षांचा दर ठरवायला आलं होतं, आणि आम्हीही तो गंभीरपणे ठरवला. सैफूर त्यांच्याबरोबर होता. बैठकीआधी सोबिरोविचनी अकांना आत बोलावलं. मी टिपणाची वही घेऊन तिथेच उभा होतो.

"तुमचा हा दोस्त," साहेब म्हणाले, "त्याने परदेशी फौजांसाठीही दुभाषेपण केलंय ना?"

"केलंय. मुलगी पण. ती त्यांच्या शाळेत शिकवायची."

"म्हणजे तालिबान आले की पहिला नंबर यांचाच." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आपल्याबरोबर काम केलेल्या काही घरांना इकडे घेण्याची मुभा मिळालीय. थोडी घरं. पण मागणी त्यांच्याकडून यायला हवी. आपण विचारलं तर त्याचा अर्थ आपण त्यांचं सरकार बुडालं धरलंय. त्यांनी विचारलं तर ती माणुसकी होते. कळतंय ना?"

"कळतंय."

"इथे टेबलावर तो बोलणार नाही, मागे त्याचे साहेब असतात. तुम्ही त्याला घरी जेवायला न्या. परवानगी मी देतो. घरात काय बोलणं होतं ते सरकारला ऐकू येत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे लिहू नका."

मी लिहिलं नाही. एखाद्या साहेबाने एखाद्या माणसासाठी याहून जास्त वाकलेलं मी पाहिलं नाही.

जेवायला मीही होतो. शिष्टमंडळातल्या माणसाला एकट्याने कुणाच्या घरी सोडत नाहीत, म्हणून नजर ठेवायला मी. अकांच्या अंगणात जर्दाळूच्या झाडाखाली लाकडी तख्त, त्यावर जेवणाची चादर, दस्तरखान. बीबीसोरा-ओपा, म्हणजे अकांच्या बायको, यांनी पुलाव केला होता, आणि पहाटेच लावलेल्या तंदूरच्या रोट्या. सैफूरला दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवलं. तो येताना एक डबा घेऊन आला होता. त्यात त्याच्या वडिलांची कराकुली टोपी, कोकराच्या कुरळ्या लोकरीची.

"हे काय?" अका म्हणाले.

"तिकडे कसर लागते. तुझ्याकडे राहू दे."

"बरं," म्हणून अकांनी टोपी आत नेऊन ठेवली. आल्यावर पेल्यात चहा ओतला, अर्धाच. आमच्याकडे मानाच्या माणसाला पेला भरून देत नाहीत. भरला पेला म्हणजे प्या आणि निघा.

सैफूरने पुलावाची तारीफ केली. खरबुजाची केली. मग अंगणापलीकडे पाहून म्हणाला, "मागची खोली अजून रिकामीच का रे?"

"मुलगा मॉस्कोला गेल्यापासून. गाद्या ठेवतो."

"मोठी आहे."

"बऱ्यापैकी. छत एका बाजूने गळतं."

"आणि शाळा? मुलींची शाळा लांब आहे इथून?"

"मशिदीमागेच," अका म्हणाले. "मुलामुलींची एकच आहे." विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर. भर नाही, घट नाही.

ओपा किटली भरून घ्यायच्या निमित्ताने उठल्या आणि अकांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. मी तिथेच हात धूत होतो.

"विचारा ना त्यांना," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"काय म्हणजे? माणूस टोपी घेऊन आलाय, खोली बघतोय, शाळा विचारतोय. आता काय बँड लावून सांगायचं त्याने?"

"पाहुणा आहे, बाई."

"म्हणून?"

"पहिला दिवस आहे. त्याच्या घरी मी आडवा पडलेलो, मला कुणी विचारलं होतं? आणि मी इथे पुलाव वाढून विचारू, की सैफूर-जान, काही हवंय का, मागायला आलास का?"

"तो तीन तासांनी परत जाणारेय," ओपा म्हणाल्या. "तुमचे तीन दिवस काय तो पुलावर मोजणार?"

अकांच्या चेहऱ्यावरून एवढं कळत होतं की बायको बरोबर आहे हे त्यांना पटलंय, आणि तरी आईने शिकवलेलं तोंडातून उलटं निघत नाहीये. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे दोघेही भिडस्त, आणि भीक कुणाच्या पदरी पडायची ते नदीच्या कुठल्या काठी घर आहे यावर.

मी का बोललो नाही? मी तर सरकारच होतो. माझ्या कानांना ऐकू येत नव्हतं.

चार वाजता गाडी आली. ओपांनी एक ताजी रोटी आणली, दोन्ही हातांवर धरली आणि सैफूरपुढे उभ्या राहिल्या. "घास तोडा, भाऊ."

सैफूर थबकला. पलीकडे जाणारा तो आपल्याच घरी चालला होता. घास तोडायचा तर निघण्याचं घर हे, परतायचं घरही हेच. ओपांनी विचारलं नव्हतं. विचारण्याला जेवढं जवळ जाता येतं तेवढं त्या गेल्या होत्या. त्याने घास तोडला, सावकाश चावला आणि म्हणाला, "वहिनी, आमच्या घरात सहा माणसं आहेत."

बाहेर गाडीवाल्याने इंजिन चालू केलं.

"अगं मग सहा रोट्या बांधून दे त्यांना," अका हसत म्हणाले. "एकीने काय होतंय?"

ओपांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर मला येतं, पण ते इथे नको. मग त्यांनी खरोखरच सहा रोट्या फडक्यात बांधल्या. काय करणार? सैफूरने ते गाठोडं छातीशी धरलं, अकांना दोनदा मिठी मारली, गुडघ्यांची काळजी घे म्हणाला आणि गाडीत बसला. अका हात हलवत राहिले. गाडी वळणाआड गेली तसा त्यांचा हात खाली आला. मग ते तख्ताच्या कडेवर बसले.

"सहा माणसं," ते म्हणाले.

"हो," ओपा म्हणाल्या.

अका कोट घालून तडक कचेरीत आले. मी बरोबर होतो. त्यांनी साहेबांचं दार वाजवलं नाही, साहेबच बाहेर आले.

"मागितलं का त्याने?"

"त्याने टोपी ठेवायला दिली, साहेब. खोलीची चौकशी केली. घरात सहा माणसं आहेत म्हणाला."

"ते ठीक. पण मागितलं का? मला वर सांगावं लागतं, की त्याने स्वतःच्या तोंडाने मागितलं."

"मागितलं, असं नाही."

सोबिरोविच थांबले. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग परत अकांकडे. "अका, नीट आठवून सांगा. जेवणाच्या गडबडीत, एखादा शब्द. मी तिथे नव्हतो. तुम्ही सांगाल तेच मी वर सांगणार."

याहून उघडं दार सरकार बांधत नाही. एक 'हो' पुरे होता. पण अका आयुष्यभर ज्याच्यावर जगले ते एवढंच होतं, की जे बोललं गेलं तेच सांगायचं.

"नाही, साहेब," ते म्हणाले. "मागितलं नाही."

"मग नाइलाज आहे," साहेब म्हणाले, आणि खरोखर वाईट वाटल्यासारखे आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून अका सैफूरला फोन लावू लागले. लागला तेव्हा तो म्हणाला, सगळं छान आहे, रोट्या फार चांगल्या होत्या. अका म्हणाले, "सैफूर, तू ये. सगळे या." तो म्हणाला, "बघू, तोशतेमिर-जान. आता इकडे रस्ते जरा..." आणि लाईन गेली. अका साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, "मुदत टळली. नावं वर गेली."

ऑगस्टच्या मध्यावर हैरतानमागचं मझार शहर पडलं, आणि हैरतान पडलं म्हणायलाही कुणी उरलं नाही. पुलावरून पराभूत सैनिक आले, गणवेश धुळीने पांढरे. त्यांच्यात सैफूर आहे का हे बघायला अका टाचा उंचावून उभे राहिले. मग पूल बंद झाला. म्हणजे माझ्या टिपणातला पहिला पर्याय सगळे पर्याय संपल्यावर आपोआप घडला.

ऑक्टोबरात पूल उघडला. नवं शिष्टमंडळ आलं. काळे फेटे, तरुण चेहरे, विषय विजेचा दर. तेच टेबल, तीच गुलाबी काठाची क्रोकरी. सर्वांशी बोलत राहण्याचं धोरण यशस्वी ठरल्याचं मी नंतर टिपणात लिहिलं. बैठकीच्या मध्यात सोबिरोविचनी थकबाकीबद्दल एक लांब वाक्य उच्चारलं. अकांनी ते दारीत सांगितलं. आणि मग थांबले नाहीत. आणखी काहीतरी बोलले. मला दारी कामापुरती येते. ते विचारत होते, हैरतानला सैफूर नावाचा एक दुभाषी होता, पांढरी दाढी, मशिदीच्या गल्लीत राहायचा, त्याच्या घरच्यांचं काय झालं?

समोरचा तरुण गोंधळला. "आम्ही इथले नाही," तो म्हणाला. "आम्ही दक्षिणेकडचे."

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

"म्हणतात, थकबाकीचा विचार करू," अका म्हणाले.

उभ्या नोकरीतलं त्यांचं पहिलं खोटं. जुलैत बोलले असते तर सहा माणसं वाचवणारं. आता ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं. साहेबांनाही बहुधा कळलं. त्यांनी पुढचं वाक्य सावकाश उच्चारलं, आजाऱ्याशी बोलतात तसं. महिन्याभराने अका निवृत्त झाले. समारंभात त्यांना घड्याळ दिलं.

पुढच्या वसंतात इराणहून, मशहदहून, फोन आला. सैफूरची मुलगी. सगळे जिवंत होते, सहाच्या सहा. वाळवंटातून, दलालांच्या मागे, लपतछपत पोचले होते. बाप वीटभट्टीवर विटा मोजतो, घरातल्या लहान मुलींना शाळा नाही. अकांनी विचारलं, त्याला फोन देतेस का. ती म्हणाली, बाबा शेजारीच बसलेत, पण बोलत नाहीत. मग तिने विचारलं, "काका, एक विचारू? बाबांना तेव्हापासून एकच वाटतं. तुम्ही त्या दिवशी रागावला होतात का? म्हणजे, तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

अका काय म्हणाले ते ओपांनी मला सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी टोपीचा डबा उघडला, कसर लागली नाही ना पाहिलं आणि परत बंद केला, एवढंच त्या म्हणाल्या. अका निवृत्त, विचारायला आता कुणाची परवानगी लागत नव्हती. पण मशहदहून तेरमेझला यायचा रस्ता त्याच देशातून येतो, आणि दुसऱ्या वाटेने येणाऱ्याला लागणाऱ्या कागदांवर सैफूरकडे सही करायला कुठलंच सरकार उरलेलं नाही.

आता गल्लीत लोक म्हणतात, तोशतेमिर-अका म्हातारपणी आडमुठे झाले. कुणी दारात आलं की सलामालेकुम पुरा व्हायच्या आत विचारतात, "काय हवंय?" शेजारीण दही घेऊन आली तरी तेच. व्याही कझाकस्तानातून आले तर पादत्राणं काढायच्या आत, "काय काम काढलंत?" व्याही इतके दुखावले की दुसऱ्याच दिवशी परत गेले. ओपा मध्ये पडत नाहीत.

परवा मी गेलो होतो. सहज. अका तख्तावर बसले होते, मागे व्हरांड्याच्या भिंतीला खिळ्यावर सैफूरची ती रोटी, एका घासाने कमी, लाकडासारखी वाळलेली. मुंग्या येऊ नयेत म्हणून ओपा खिळ्याभोवती राखेचं बोट फिरवतात.

"काय हवंय?" अका म्हणाले.

"काही नाही. भेटायला आलो."

"नक्की?"

"नक्की, अका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, एखादं वाक्य संपायची वाट पाहावी तसं. मग पेल्यात अर्धा चहा ओतून माझ्यापुढे सरकवला.

"नीट आठवून सांग," ते म्हणाले.